उत्तम घर आणि अजाण दलाल
मालाची ओळख नसली की काय होते?

माल चांगला असला की तो आपोआप विकला जातो, असे आपल्यातले पुष्कळ व्यापारी आणि कारागीर मानतात. बाजाराचा अनुभव मात्र तसा नाही. चांगला माल अजाण माणसाच्या हाती विकायला दिला तर तो पडेल भावाने जातो. कधी कधी तर विकला गेल्यावर मोडूनही टाकला जातो. या आठवड्यात आम्ही वाचकांसमोर याचेच एक उदाहरण ठेवीत आहोत. उदाहरण दूरचे, अमेरिकेतले, आणि बहुतांशी कॅलिफोर्निया राज्यातले आहे. धंदा घरांच्या खरेदीविक्रीचा आहे. परंतु त्यातला धडा कापड, फर्निचर, भांडी किंवा चामड्याच्या वस्तू विकणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

ही घरे कोणती?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत काही नामांकित वास्तुविशारदांनी नव्या धर्तीची घरे बांधली. छप्पर सपाट किंवा अगदी थोड्या उताराचे. घराचा भार भिंतींवर न टाकता खांब आणि तुळयांवर घेतलेला. त्यामुळे बागेच्या बाजूला विटांच्या भिंतीऐवजी जमिनीपासून छतापर्यंत काच बसवता आली. रस्त्याकडून पाहिले तर घर साधे, जवळजवळ बंद दिसते. आत पाऊल टाकले की उजेड, अंगण आणि झाडे. आपल्याकडच्या चौकाच्या वाड्यात राहिलेल्या माणसाला ही कल्पना नवी वाटणार नाही. बाहेरून भिंत, आत मोकळे आकाश.

अशा घराचा मोठेपणा त्याच्या आकारात नसतो. खोल्या लहान असतात, स्वयंपाकघरही बेताचे असते. मोठेपणा असतो तो उजेड कोठून येतो, लाकडाचा जोड कसा मारला आहे, खोलीतून बागेत नजर कशी जाते यात. म्हणूनच हा माल समजावून विकावा लागतो. येथूनच अडचणीला सुरुवात होते.

एका व्यापाऱ्याने ही घरे कशी विकली?

प्रथम चांगल्या विक्रीचे उदाहरण पाहू. जोसेफ आयक्लर हा वास्तुविशारद नव्हता. तो लोणी-अंड्यांच्या घाऊक व्यापारातला माणूस. सासरच्या पेढीत हिशेबाचे काम पाहत होता. १९४० च्या दशकात तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुविशारदाने बांधलेल्या एका घरात काही काळ भाड्याने राहिला. घराचा त्याच्या मनावर असा परिणाम झाला की त्याने धंदाच बदलला. त्याने अ‍ॅन्शेन आणि अ‍ॅलन, जोन्स आणि एमन्स यांसारख्या वास्तुविशारदांकडून आराखडे करून घेतले आणि मध्यमवर्गीयांसाठी वसाहती उभारल्या. १९४९ ते १९६६ या काळात त्याने सुमारे ११,००० घरे बांधली.

त्याने ती विकली कशी? वसाहतीत नमुन्याची घरे पूर्ण सजवून ठेवली. फर्निचर घराला शोभेल असे, बेताचे आणि ठेंगणे. चांगल्या छायाचित्रकाराकडून छायाचित्रे काढून घेतली, आणि ती केवळ रिकाम्या खोल्यांची नव्हती. घरात माणसे कशी राहतात, मुले अंगणात कशी खेळतात, हे त्यांत दिसत असे. गिऱ्हाईक घरात येऊन बसे, काचेतून बाहेर पाही, आणि आपण काय विकत घेत आहोत हे त्याला उमजे.

या माणसाची आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी अमेरिकेत काळ्या आणि आशियाई लोकांना अनेक वस्त्यांत घरे मिळत नसत. आयक्लरने मात्र वंश किंवा धर्म न पाहता घरे विकली. घर बांधणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घ्यायला नकार दिला, तेव्हा १९५८ साली त्याने त्या संघटनेचा राजीनामा दिला. घरविक्रीतील भेदभावाला बंदी करणारा देशव्यापी कायदा त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली आला. भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगताच दार बंद झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या राजीनाम्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोत उंच इमारती बांधण्याच्या मोठ्या कामांत आयक्लरची कंपनी अडकली आणि १९६७ साली तिचे दिवाळे निघाले. माल उत्तम, नाव उत्तम, तरी पेलवेल त्यापेक्षा मोठी उडी घेतली तर धंदा बसतो, हा त्यातला वेगळा धडा.

मग दलालाचा काळ आला

बांधणारा गेला. पहिले मालक म्हातारे झाले, वारले, मुलांनी घरे विकायला काढली. आता घर विकणार होता गावातला सर्वसाधारण दलाल. अमेरिकेत दलालांची एक सामायिक यादी असते. तीत प्रत्येक घराचे कोष्टक भरावे लागते : शयनगृहे किती, स्नानगृहे किती, चौरस फूट किती, बांधकामाचे साल कोणते. वर्णनाला काही ओळी, सोबत छायाचित्रे. शेजारपाजारी नुकतीच जी घरे विकली गेली त्यांच्या भावावरून या घराचा भाव ठरतो.

सर्वसाधारण घरासाठी ही रीत ठीक आहे. शंभर घरे सारखी असली तर शंभरावे घर नव्याण्णव घरांच्या भावावरून ठरवता येते. परंतु ज्याच्यासारखे दुसरे घर गावात नाही त्याचा भाव शेजाऱ्यावरून कसा ठरवणार? कोष्टकात उजेडाला रकाना नाही. बांधणाऱ्याच्या नावाला पुष्कळदा जागा नसते. खोल्या लहान असल्याने या मापात घर उलट कमी भरते. हाताने विणलेले हिमरूचे कापड आणि यंत्रावरचे कापड एकाच गजाने मोजले तर लांबी सारखीच भरणार. फरक गजात उमटत नाही, तो सांगावा लागतो.

अशा घराची वाईट जाहिरात कशी असते, याचा आम्ही तयार केलेला एक नमुना पाहा :

"३ शयनगृहे, २ स्नानगृहे, १,८०० चौरस फूट. उत्तम वस्ती, शाळा जवळ. स्वप्नातले घर! नव्याने बांधण्यासही भरपूर वाव."

यात खोटे काही नाही. परंतु ही जाहिरात कोणत्याही घराला चालेल, म्हणून ती या घराच्या उपयोगाची नाही. शेवटच्या वाक्याने तर घराचा घातच केला. घर मोडून नवे बांधणाऱ्याला ते आमंत्रण झाले. आता दुसरा नमुना :

"१९५८ साली अमुक वास्तुविशारदाने बांधलेले, तिसऱ्या मालकाच्या हाती असलेले घर. मूळ आराखडे उपलब्ध. भिंतींचे मूळ लाकडी तक्ते शाबूत, रंग न दिलेले. मधल्या अंगणात तिन्ही खोल्या उघडतात. छप्पर अमुक साली बदलले. काच एकेरी, हिवाळ्यात गारठा जाणवतो."

दुसऱ्या जाहिरातीला कदाचित दहाच माणसे येतील. परंतु ती दहाही माणसे कशासाठी आलो हे जाणून येतील. पहिलीला पन्नास येतील आणि त्यांतली बहुतेक नाक मुरडून जातील.

जाहिरातीखेरीज आणखी चुका होतात. दलाल मालकाला सांगतो, लाकडी भिंती अंधाऱ्या दिसतात, पांढरा रंग मारून घ्या. आयक्लरच्या अनेक घरांत महोगनी जातीच्या प्लायवूडचे तक्ते होते. त्यांतल्या पुष्कळांवर पांढरा रंग चढला. जाणत्या गिऱ्हाइकाने ज्यासाठी पैसे दिले असते तेच झाकण्यासाठी मालकाने पदरचे पैसे घातले. भाड्याचे अवजड सोफे आणून खोल्या भरतात. रुंद भिंगाने फोटो काढतात, त्यामुळे सरळ तुळया वाकड्या दिसतात. आणि उलट टोकाची लबाडीही चालते. सपाट छपराच्या कोणत्याही घराला "आयक्लर धर्तीचे" म्हणून खपवतात. नाव असे स्वस्त झाले की खऱ्या मालाचीही पत उतरते.

दलालाचा हिशेब, मालकाचा हिशेब

दलाल हे सारे मुद्दाम करतो काय? बहुधा नाही. त्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. तेथे दलाली पूर्वापार साधारणतः पाच-सहा टक्के असे आणि ती दोन्ही बाजूंच्या दलालांत वाटली जाई. म्हणजे विकणाऱ्याच्या दलालाला साधारण तीन टक्के. समजा, आराखडे शोधून, चांगली छायाचित्रे काढून, योग्य गिऱ्हाइकासाठी चार महिने थांबून एक लाख डॉलर जास्त मिळाले. मालकाला त्यातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव हजार मिळणार. दलालाला मिळणार तीन हजार, आणि त्यासाठी चार महिने थांबायचे. तो आठवड्याभरात सौदा उरकण्याकडेच झुकणार. आपला माल दुसऱ्याच्या हाती विकायला देणाऱ्या प्रत्येक कारागिराने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

एक घर, दोन भाव

कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावात रिचर्ड नॉयट्रा या वास्तुविशारदाने १९४६ साली एक घर बांधले. मालक एडगर कॉफमन, पिट्सबर्गचा मोठा दुकानदार. राइटचे जगप्रसिद्ध "फॉलिंगवॉटर" हे घरही याच व्यापाऱ्याने बांधवून घेतले होते. ज्यूलियस शुलमन या छायाचित्रकाराने १९४७ साली सांजवेळी टिपलेल्या छायाचित्रामुळे पाम स्प्रिंग्जचे घर जगभर गाजले.

कॉफमन १९५५ साली वारला. घर हातोहात फिरले. कोणी उघडा ओटा बंद केला, कोणी खोल्यांना फुलाफुलांचे कागद चिकटवले, कोणी भिंत पाडून खोली वाढवली, छपरावर वातानुकूलनाची यंत्रे चढली. १९९० च्या सुमारास हे घर साडेतीन वर्षे बाजारात पडून होते. साडेतीन वर्षे! जगाच्या वास्तुकलेच्या पुस्तकांत ज्याचे छायाचित्र आहे, त्याला गिऱ्हाईक नाही.

अखेर एका दांपत्याने ते सुमारे १५ लाख डॉलरला घेतले. पत्नी वास्तुकलेच्या इतिहासाची अभ्यासक होती. इतरांना जे जुनाट घर दिसत होते, तिथे तिला मूळ घर दिसले. त्यांनी शुलमनची जुनी छायाचित्रे शोधून काढली आणि त्यांवरून घर पूर्ववत करायला घेतले. भिंतींच्या दगडाशी जुळणारा दगड मिळावा म्हणून युटा राज्यातली एक खाण पुन्हा सुरू करवली. पत्र्याची किनार मुळासारखी वळवण्यासाठी यंत्र विकत घेतले. कामाला सुमारे पाच वर्षे लागली.

मे २००८ मध्ये हे घर ख्रिस्टीज या कलावस्तूंच्या लिलावपेढीने विक्रीस काढले. दीड कोटी डॉलरची बोली लागली, परंतु तो व्यवहार पुढे पूर्ण झाला नाही. २०२२ साली ते सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरला विकले गेले. ही सारी वाढ केवळ जाहिरातीची नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मध्ये तीस वर्षे गेली, दुरुस्तीवर खर्च झाला, गावाचाही भाव वाढला. परंतु घराची ओळख पटवणारा माणूस भेटला नसता तर यातले काहीच झाले नसते.

जमिनीचा भाव : सर्वांत मोठे नुकसान

चुकीच्या भावात विकणे हे पहिले नुकसान. चुकीच्या माणसाला विकणे हे त्याहून मोठे. पाम स्प्रिंग्जजवळच्या रँचो मिराज गावात नॉयट्रानेच १९६२ साली बांधलेले मॅझलन यांचे घर होते. २००२ साली ते २४ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. नव्या मालकाने नगरपालिकेकडून परवानगी घेतली आणि थोड्याच दिवसांत घर जमीनदोस्त केले. लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागात क्रेग एलवूड याने १९५० साली बांधलेले झिमरमन यांचे घर २०२३ साली १ कोटी २५ लाख डॉलरला गेले. तेही नवे मोठे घर बांधण्यासाठी पाडण्यात आले, आणि २०२४ साली त्याची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली.

आकडे नीट पाहा. भाव कमी नव्हता. पैसे पुरेपूर मिळाले, तरी घर गेले. कारण खरेदी झाली ती जमिनीची. कायद्याचे संरक्षण नसेल तेथे अशा वास्तूला एकच संरक्षण उरते, ते म्हणजे योग्य गिऱ्हाईक.

जाणता विक्रेता येथे काय करू शकतो? मालकाने विकण्यापूर्वी खतातच अशी अट घालता येते की पुढच्या मालकाने घर पाडू नये. राइटच्या इमारतींचे जतन करणारी एक संस्था १९८९ सालापासून काम करते. ती अशा अटींची राखण करते आणि विक्रीस निघालेल्या राइटच्या घरांची यादीही प्रसिद्ध करते, म्हणजे शोधणाऱ्याला घर आणि घराला शोधणारा सापडावा. कॅलिफोर्नियात १९७२ चा मिल्स कायदा आहे. ऐतिहासिक ठरलेल्या घराचा मालक स्थानिक शासनाशी किमान दहा वर्षांचा जतनाचा करार करतो आणि त्याला मालमत्ता करात सवलत मिळते. करार पुढच्या मालकालाही लागू राहतो. ही सवलत म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात पडणारा रोख फायदा आहे. ज्या दलालाला हा कायदाच ठाऊक नाही, तो हा फायदा गिऱ्हाइकाला काय सांगणार?

ऐब सांगावा की लपवावा?

या घरांत दोष नाहीत असे कोणी समजू नये. सपाट छप्पर गळते. एकेरी काचेमुळे उन्हाळ्यात तापते, थंडीत गारठते. आयक्लरच्या घरांत फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून ऊब दिलेली असे. ती नळी फुटली तर फरशी फोडावी लागते. कच्चा विक्रेता हे लपवतो. घेणाऱ्याला पहिल्या पावसात कळते, आणि मग सबंध जातीच्या घरांचीच बदनामी होते.

आता उलट उदाहरण पाहा. शिकागोजवळ फॉक्स नदीकाठी मीस व्हॅन डर रोह याने डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी चारी बाजूंनी काचेचे घर बांधले. ते १९५१ साली पुरे झाले. नदीला पूर आला की पाणी घरात शिरते. १९९६ च्या पुरात मोठे नुकसान झाले. हे गुपित नव्हते, सर्वांना ठाऊक होते. तरीही डिसेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज पेढीत लिलाव झाला, तेव्हा जतन करणाऱ्या संस्थांनी वर्गणी जमवून ते सुमारे ७५ लाख डॉलरला घेतले. आज ते लोकांना पाहायला खुले आहे. दोष उघड असूनही भाव आला, कारण माल ओळखणाऱ्यांच्या बाजारात मांडला गेला होता.

आपल्या देशातले उदाहरण

हे सारे अमेरिकेतच घडते असे नाही. चंडीगढ शहर वसवताना पिएर जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या, मेजे तयार करवली. ती केली आपल्याच सुतारांनी. पुढे ती मोडकी झाली, तेव्हा भंगार म्हणून ढिगाने लिलावात निघाली. परदेशी व्यापाऱ्यांनी ती उचलली, दुरुस्त केली, आराखडा करणाऱ्याचे नाव लावले आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत हजारो डॉलरला विकली. खुर्ची तीच, सागवान तेच. एकाने तिला लाकडाच्या वजनाने मोजले, दुसऱ्याने कामाने. ज्या सुतारांनी रंधा मारला त्यांची नावे मात्र यादीत क्वचितच सापडतात, कारण ती कोणी लिहूनच ठेवली नाहीत.

आपण काय करावे?

वरील उदाहरणांतून व्यापारी आणि कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो.

१) प्रत्येक महत्त्वाच्या नगाची नोंद ठेवा. कोणी केला, कधी केला, कोणता कच्चा माल, किती दिवस लागले. घराला मूळ आराखडा जसा, तशी वस्तूला ही नोंद.

२) कारागिराने आपली खूण वस्तूवर घालावी. नाव नसलेले काम पुढे वजनानेच विकले जाते.

३) "उत्कृष्ट", "अप्रतिम" असे शब्द टाळा. ते सर्वांच्या मालाला लागतात. तुमच्याच मालाला लागेल अशी एक तरी गोष्ट सांगा.

४) सर्वांना आवडावे म्हणून चांगल्या कामावर रंगाचा हात फिरवू नका. लाकूड झाकले की लाकडाचे गिऱ्हाईक परत जाते.

५) ऐब आधी सांगा, आणि तो कसा सांभाळावा हेही सांगा. सांगितलेला दोष भावातून थोडा कमी होतो. लपवलेला दोष पतीतून वजा होतो.

६) दलाल नेमताना त्याला विचारा : या प्रकारचा माल पूर्वी विकला आहे काय? घेणारे कोण होते? उत्तर देता आले नाही तर त्याची दलाली कमी असली तरी तो महाग पडेल.

७) घेणारा वस्तूचे काय करणार आहे, हे विचारायला संकोच करू नका. आजोबांनी घडवलेला सागवानी पलंग लाकडासाठी फोडला जाणार असेल, तर चार पैसे कमी घेऊन वापरणाऱ्याला द्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु विकण्यापूर्वी ठरवावे.

काही वाचक म्हणतील, आमच्या छोट्या दुकानात एवढे सांगत बसायला वेळ कोठे आहे? रोजच्या खपाच्या मालाला हे लागत नाही, हे खरे. साखर आणि खिळे यांचा इतिहास कोणी विचारीत नाही. परंतु दुकानात दहा नग असतील त्यांतला एखादा तरी असा असतो की ज्याच्यावर कोणा कारागिराचे महिने खर्ची पडलेले असतात. तो नग बाकीच्या नऊंच्या भाषेत विकू नये. त्याला ओळखणारे गिऱ्हाईक आहे, पण ते कोठे आहे हे शोधणे हा विक्रेत्याच्याच कामाचा भाग आहे. दलाली किंवा नफा घ्यायचा तो त्या कामाबद्दल.